जनावर सर्वांचे, फाटक एकाचे

२ नोव्हेंबर २०१०. अमेरिकेच्या वायव्येकडच्या मोंटाना राज्यात मतदान होते. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांच्या जोडीला ‘जनप्रस्ताव १६१’ या नावाने एक प्रश्नही छापलेला होता. परराज्यांतून शिकारीला येणाऱ्यांसाठी जे परवाने निघतात, त्यांतले साडेपाच हजार परवाने ‘आउटफिटर’ मंडळींच्या, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सगळी व्यवस्था लावणाऱ्या व्यावसायिकांच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले होते. हा राखीव वाटा मोडून ते परवाने खुल्या सोडतीत टाकावेत का, असा तो प्रश्न. सुमारे ५४ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले.

हे परवाने बाहेरच्यांचे होते. ते सोडतीत गेल्याने मोंटानातल्या एकाही शिकाऱ्याला जास्तीचा एल्क मिळणार नव्हता. तरीही तिथल्या शिकाऱ्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, थंडीत चौकाचौकांत उभे राहून लोकांना प्रस्ताव समजावला. स्वतःच्या पदरात थेट काही न पडणारी लढाई माणसे इतक्या हिरिरीने का लढतात, हे समजून घ्यायचे तर काही शतके मागे जावे लागते. आणि त्याआधी, शिकारीचा परवाना तिथे काय असतो, हेही नीट पाहावे लागते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे ‘शिकारी’ म्हटले की आपल्यापुढे एक तर संस्थानिक उभा राहतो, नाही तर चोरटा. मोंटानातला शिकारी म्हणजे शाळामास्तर, परिचारिका, नळजोडणी करणारा, लाकूडकारखान्यातला कामगार. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, साधारण पाच आठवडे, बंदुकीने शिकारीचा हंगाम असतो. एक एल्क मिळाला की घरच्या फ्रीजरमध्ये वर्षभराचे मांस भरते. एल्क हे सांबराच्या कुळातले जनावर. मोठा नर तीनशे किलोंच्या घरात भरतो. राज्याच्या रहिवाशाला त्याचा परवाना २० डॉलरच्या आसपास पडत असे.

परवान्याबरोबर येतो तो टॅग. कागदाचा एक लहानसा तुकडा, त्याच्या कडेला महिने आणि तारखा छापलेल्या. जनावर पडले की शिकाऱ्याने पहिले काम करायचे ते हे: खिशातून टॅग काढायचा, सुरीने त्या दिवसाचा महिना आणि तारीख कापायची आणि टॅग जनावराला बांधायचा. त्यानंतरच ते हलवायचे. तारीख कापली जाईपर्यंत तो एल्क राज्यातल्या सगळ्या लोकांच्या मालकीचा असतो. कापली गेली की तो एका माणसाचा होतो. सार्वजनिक वस्तू खासगी होण्याचा तो क्षण असतो आणि त्यावर हुकूम कोणाचा चालावा, यावरच हा सारा वाद उभा आहे.

अमेरिकेत येऊन वसलेल्या इंग्रजांना शिकारीचा कायदा म्हणजे काय, हे चांगले ठाऊक होते. मायदेशी १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता ठेवला होता. कसणाऱ्याच्या शेतात ससा शिरला तरी त्याने तो मारायचा नाही. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तर तोंडाला काळे फासून हरणे मारणाऱ्यांना फाशीची तरतूद केली. समुद्रापलीकडे आलेल्यांनी ही व्यवस्था मागे टाकली. १७७६ च्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेने स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकार करण्याचा हक्क सगळ्या रहिवाशांना दिला.

मग न्यायालये आली. १८४२ साली न्यू जर्सीतल्या कालवांच्या (ऑयस्टरच्या) वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पाण्याखालची ती जमीन आणि तिथली मासेमारी लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची आहे. १८९६ साली कनेक्टिकटच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने रानातले प्राणी राज्यातल्या सर्व लोकांचे आणि सरकार त्यांचे राखणदार, अशी मांडणी केली. १९७९ मध्ये त्या निकालातली ‘राज्याची मालकी’ ही कल्पना न्यायालयाने मागे घेतली. पण वन्य प्राण्यांचे रक्षण आणि नियमन करण्याचा राज्याचा अधिकार तसाच राहिला. युरोपात बहुतेक ठिकाणी शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला राहिला. अमेरिकेत जमीन तुमची असली तरी तिच्यावर चरणारा एल्क तुमचा नाही, हे तत्त्व रुजले.

तत्त्व रुजले, पण जनावरे उरली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारासाठी मारणाऱ्यांनी रानेच्या राने रिकामी केली. कोट्यवधींच्या संख्येने फिरणारे गवे (बायसन) काही शेकड्यांवर आले. साऱ्या खंडात एके काळी कोटीच्या घरात असलेले एल्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखभरही उरले नव्हते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा डोंगराळ मुलूख हा त्यांच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ काढला. १९०० च्या ‘लेसी ॲक्ट’ने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. रानातल्या जनावराचे मांस बाजारात विकायचे नाही, हा निर्बंध या सगळ्याच्या पायाशी होता. विक्री थांबली तेव्हाच कत्तल थांबली.

त्यानंतर भरपाईचे काम सुरू झाले. यलोस्टोनमधले एल्क पकडून, रेल्वेच्या डब्यांत भरून, मोंटानाच्या आणि इतर राज्यांच्या डोंगरांत नेऊन सोडले गेले. १९३७ मध्ये ‘पिटमन-रॉबर्टसन’ कायदा झाला. लांब नळीच्या बंदुकांवरचा आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळू लागला. शिकाऱ्यांनी हा कर आनंदाने भरला. कित्येक वर्षे हंगाम बंद राहिले, तेही त्यांनी सोसले. आज मोंटानात सव्वा लाखाहून अधिक एल्क आहेत, ते सामान्य माणसांच्या खिशातून आणि त्यांच्या संयमातून उभे राहिलेले आहेत.

या कहाणीला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. ‘सर्व लोकांचे प्राणी’ म्हणताना त्या ‘सर्व लोकां’त मूळ रहिवासी नव्हते. १८५५ च्या हेलगेट तहाने सॅलिश, पेंड दोरेल आणि कूटनी जमातींना मोकळ्या, कोणी न घेतलेल्या जमिनींवर शिकारीचा हक्क राखून दिला होता. तरीही १९०८ च्या ऑक्टोबरात स्वान खोऱ्यात शिकारीला गेलेल्या पेंड दोरेल कुटुंबांच्या तळावर राज्याच्या शिकार-रक्षकाने गोळीबार केला आणि चार माणसे मारली गेली. लोकांच्या मालकीचा हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानात ठेवली पाहिजे. सार्वजनिक हक्कातून कोणाला वगळले जाते, यावरच त्या हक्काची खरी पारख होते.

जनावरे परत आली, तशी कुरणवाल्यांशी तंटेही आले. हिवाळ्यात डोंगरावर कंबरभर बर्फ साचले की एल्कचे कळप खाली उतरतात. खाली रँच असतात, म्हणजे गुरांची विस्तीर्ण कुरणे. उन्हाळाभर खपून कापलेल्या, रचलेल्या गवताच्या गंज्या तिथे गुरांसाठी राखलेल्या असतात. कळप रात्रीतून तारेचे कुंपण आडवे करतो आणि गंजीत तोंड घालतो. दोन एल्क मिळून साधारण एका गाईचे गवत संपवतात. शंभर एल्कचा कळप महिनाभर मुक्काम ठोकून राहिला की गुरांच्या धन्याचा हिवाळा कसा जात असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९४० साली मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रॅथबोन खटल्यात हाच पेच आला. आपल्या कुरणाची नासाडी करणाऱ्या एल्कला मारल्याबद्दल एका जमीनमालकाला शिक्षा झाली होती. न्यायालयाने दोन्ही बाजू तोलल्या. मोंटानात जमीन घेणाऱ्याला इथे वन्य प्राणी आहेत आणि ते कसे वागतात हे ठाऊक असतेच, असे धरून चालावे लागेल, हे एक. पण दुसरा कोणताच उपाय उरला नसेल तर आपली मालमत्ता वाचवण्याचा हक्क त्याला आहे, हे दुसरे. शिक्षा रद्द झाली, पण एल्कवर मालकी मात्र त्याला मिळाली नाही.

यातून वाट काढायची तर कशी, हे सन रिव्हरच्या खोऱ्यात दिसले. रॉकी पर्वताच्या पूर्व उताराखाली ऑगस्टा गावाच्या परिसरात एल्क दर हिवाळ्यात रँचवर उतरत आणि भांडणे विकोपाला जात. १९४७ च्या सुमाराला तिथली एक मोठी जमीन विक्रीला निघाली. ती एल्कसाठी घ्यावी असे सर्वांच्या मनात होते, पण सरकारी पैसा वेळेत येण्यासारखा नव्हता. तेव्हा कार्ल मलोन हा रँचर आणि ग्रेट फॉल्सचा शिकारी टॉम मेसेल्ट यांनी स्वतःचे पैसे घालून ती जमीन धरून ठेवली आणि पुढे राज्याने ती घेतली. एल्कना हिवाळी चरण मिळाले, शेजाऱ्यांच्या गंज्या वाचल्या. कुरणवाला आणि शिकारी एका बाजूला उभे राहिले की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण मोंटानात आजही सांगितले जाते.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मात्र जमिनीची हवा बदलली. मोंटानातली जवळपास दोन तृतीयांश जमीन खासगी आहे. जुन्या रँचवर शिकारीला जायचे तर रीत ठरलेली होती. स्वयंपाकघराच्या दारावर टकटक करायची, परवानगी मागायची, फाटक जसे असेल तसे ठेवायचे आणि जमले तर कुंपण दुरुस्तीला हात लावायचा. पिढी बदलली. काही रँच दूरच्या श्रीमंतांनी घेतल्या. काही जुन्या घराण्यांना गुरांच्या पडत्या भावात तग धरायला दुसरे उत्पन्न हवे होते. आउटफिटर येऊन शिकारीचा हक्क खंडाने मागू लागले. वर्षाला ठरावीक रक्कम, आणि त्याबदल्यात त्या जमिनीवर शिकार फक्त त्यांच्या गिऱ्हाइकांची. जिथे पूर्वी गावातली माणसे जात, तिथे फाटकाला कुलूप आणि खांबावर केशरी रंग दिसू लागला. मोंटानात खांबावरचा केशरी रंग म्हणजे ‘आत येऊ नका’.

१९९० च्या दशकात गव्हर्नर मार्क रॅसिको यांनी जमीनमालक, आउटफिटर आणि शिकारी यांना एका टेबलाभोवती बसवले. त्या चर्चेतून १९९५ चा कायदा निघाला. परराज्यातल्या शिकाऱ्यांसाठी एल्क धरून मोठ्या शिकारीचे १७,००० परवाने असत. त्यांतले साडेपाच हजार आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांना हमखास मिळतील, मात्र त्यांची किंमत मागणीप्रमाणे चढती राहील, असे ठरले. सोडतीची अनिश्चितता नको असलेला माणूस साध्या परवान्याच्या जवळपास दुप्पट पैसे मोजू लागला. हा जास्तीचा पैसा ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ या योजनेत जायचा. जो जमीनमालक आपली जमीन सर्वांना शिकारीसाठी खुली करील, त्याला किती शिकारी किती दिवस आले त्या हिशोबाने राज्य मोबदला देते. या योजनेखाली पुढे लाखो एकर जमीन खुली झाली. बऱ्याच ठिकाणी फाटकाजवळच्या पेटीतली नोंदवही, त्यात नाव लिहून चिठ्ठी घेणे आणि आत जाणे, इतकी ती सोपी आहे. तडजोड वाईट नव्हती आणि ती करणाऱ्यांचा हेतूही प्रामाणिक होता.

पण पंधरा वर्षांत शिकाऱ्यांना तिची दुसरी बाजू दिसू लागली. आउटफिटरला गिऱ्हाइकांची हमी मिळाली, म्हणून तो रँचचा खंड आगाऊ भरू शकला. खंड भरला म्हणून फाटक बंद झाले. फाटक बंद झाले आणि एल्कना तेवढे पुरले. हंगामाच्या पहिल्या दिवशी सरकारी जमिनीवर गोळ्यांचे आवाज सुरू झाले की कळप कुंपण ओलांडून त्या शांत रँचवर जातो आणि पाचही आठवडे तिथेच राहतो. तिथे फक्त काही निवडक नर मारले जातात, माद्या वाढत राहतात. शिकारीचा हंगाम संपून हिवाळा लागला की तोच कळप शेजारच्या लहान कुरणवाल्याच्या गंज्यांवर येतो. म्हणजे उत्पन्न एका जमीनमालकाला आणि नुकसान दुसऱ्याला. एका हाताने जमीन खुली करण्यासाठी पैसा उभा करायचा आणि त्याच पैशाच्या उगमातून दुसरीकडची जमीन बंद करायची, हे फार काळ चालणारे नव्हते.

बिलिंग्जच्या परिसरातल्या शिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन जनप्रस्ताव मांडला. मोंटानात मतदारांच्या ५ टक्के सह्या जमवल्या तर नागरिक स्वतः कायद्याचा मसुदा मतदानाला ठेवू शकतात. मसुद्यात राखीव वाटा रद्द करण्याबरोबर त्यांनी खर्चाची जबाबदारीही घेतली. परराज्यातल्यांसाठी मोठ्या शिकारीच्या परवान्याचे शुल्क ६२८ डॉलरवरून ८९७ डॉलर आणि हरणांच्या परवान्याचे ३२८ वरून ५२७ डॉलर करावे, वाढीव पैसा जमीन खुली ठेवण्यासाठी आणि अधिवास सुधारण्यासाठी जावा, असे त्यात होते.

विरोधही जोरदार झाला आणि तो पोकळ नव्हता. गिऱ्हाइकांची हमी गेली तर लहान आउटफिटर बुडतील, त्यांच्यावर अवलंबून असलेले मोटेल, खाणावळी, मांस कापून देणारे कारागीर यांना फटका बसेल, असे त्यांच्या संघटनेचे म्हणणे होते. चढत्या किमतीच्या परवान्यांवर ब्लॉक मॅनेजमेंट उभे आहे, तो आधारच काढला तर जमीनमालक योजनेतून बाहेर पडतील, ही भीती काही शिकाऱ्यांनाही वाटत होती. १९९५ च्या टेबलाभोवती बसलेल्यांना दिलेला शब्द मोडणे रुचत नव्हते. शिकाऱ्यांमध्येच फूट होती. प्रस्तावाच्या बाजूच्यांचे म्हणणे एका वाक्यात मावणारे होते: लोकांच्या जनावराचा परवाना खुल्या सोडतीतून मिळावा, कोणाच्या व्यवसायातून नव्हे.

प्रस्ताव जिंकला, पण विजय फुकट मिळाला नाही. मंदी होती, शुल्क वाढलेले होते, २०११ मध्ये परराज्यातल्यांचे परवाने अनेक वर्षांत पहिल्यांदा सोडतीत पूर्ण खपले नाहीत. पुढचे काही हंगामही शिल्लक परवाने पडून राहिले आणि राज्याच्या वन्यजीव खात्याच्या तिजोरीला ओढ लागली. ज्यांनी इशारा दिला होता, त्यांचे त्यापुरते खरे ठरले. हळूहळू मागणी परत आली आणि दशक संपताना ती उपलब्ध परवान्यांच्या कितीतरी पुढे गेली. आउटफिटरांचा धंदा संपला नाही. आता त्यांच्या गिऱ्हाइकांना इतरांसारखेच सोडतीला उभे राहावे लागले.

मागणी वाढली, तशी राखीव वाट्याची मागणीही पुन्हा उठली. २०२१ च्या विधिमंडळ अधिवेशनात परराज्यातल्या परवान्यांचा मोठा हिस्सा आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांकडे वळवणारे विधेयक आले. त्याच्या पाठोपाठ दुसरे आले, ते याहून थेट होते. एल्क जास्त झालेल्या भागांत जमीनमालकांनीच परराज्यातल्या शिकाऱ्यांना पुरस्कृत करून एल्कचे परवाने मिळवून द्यावेत, अशी त्यात सोय होती. न्यू मेक्सिकोत जमीनमालकाला मिळणारे एल्कचे अधिकारपत्र खुल्या बाजारात विकता येते, हे शिकाऱ्यांना ठाऊक होते, आणि मोंटानाही त्याच वाटेने निघाले आहे असे त्यांना वाटले. समितीपुढे विरोधकांची रांग लागली. शेकडो मैलांवरून लोक व्हिडिओच्या पडद्यावर हजर झाले. दोन्ही विधेयके मागे पडली. अधिवेशनाच्या शेवटी मात्र, सोडतीत हुकलेल्या आणि आउटफिटरकडे आधीच नाव नोंदवलेल्या शिकाऱ्यांना त्या वर्षापुरते परवाने देणारी तरतूद दुसऱ्या कायद्यातून आत आली. पुढच्याच वर्षी जमीनमालकांच्या एका संघटनेने एल्कची संख्या आटोक्यात न ठेवल्याबद्दल राज्याच्या वन्यजीव खात्यावर खटला भरला, तेव्हा शिकाऱ्यांच्या संघटना खात्याच्या बाजूने त्यात सामील झाल्या.

मला या साऱ्यात कुरणवाल्याचे दुःख खरे वाटते. जनतेची जनावरे जो पोसतो, त्याला जनतेने मोबदला दिलाच पाहिजे. त्याच्या गवताचा, कुंपणाचा, फाटकाशी येणाऱ्या अनोळखी माणसांच्या त्रासाचा मोबदला. सन रिव्हरला जमीन घेऊन तो दिला गेला, ब्लॉक मॅनेजमेंटमध्ये रोख दिला जातो, आणि तो वाढवायला हवा. टॅग हातात देऊन केलेली भरपाई मात्र वेगळ्या जातीची असते. गवताचे पैसे मिळाले की जमीनमालकाला फाटक उघडण्यात फायदा दिसतो. टॅग विकायला मिळाला की एल्क आपल्या कुंपणाआत आणि माणसे बाहेर ठेवण्यातच त्याचा फायदा असतो. तो माणूस वाईट असतो असे नाही. व्यवहारच त्याला तिकडे ढकलतो. शंभर वर्षांपूर्वी रानातल्या मांसाची विक्री थांबवली तेव्हा एल्क वाचले. ज्या दिवशी शिकारीची संधीच जमिनीबरोबर विकली जाईल, त्या दिवशी एल्क असतील, कदाचित आजच्यापेक्षा जास्त असतील, पण वीस डॉलरचा परवाना खिशात घालून निघणाऱ्या शाळामास्तराला ते कुंपणापलीकडूनच पाहावे लागतील. आणि ज्याला वाटा उरला नाही, तो काडतुसांवरचा कर आणि बंद हंगाम किती दिवस आनंदाने सोसेल?

२००४ मध्ये मोंटानाच्या लोकांनी आपल्या राज्यघटनेत एक कलम घातले. मासे आणि शिकार मिळवण्याची संधी हा नागरिकांचा वारसा आहे आणि तो कायम जपला जाईल. मात्र त्यामुळे कोणाच्या खासगी जमिनीत घुसण्याचा हक्क मिळत नाही. शिकाऱ्याचा हक्क आणि जमीनमालकाचा हक्क त्या एका कलमात शेजारी शेजारी बसवलेले आहेत. सहा वर्षांनी, स्वतःला थेट काहीच मिळणार नसताना, मतदारांनी परराज्यातल्या अनोळखी माणसासाठी सोडत खुली केली ती याच समजुतीने. आज दुसऱ्याचा परवाना विकला गेला तर उद्या आपलाही विकला जाईल, हे त्यांनी वेळेवर ओळखले होते.